टॉक्सिकॉलॉजीत पीएचडी: विषयाच्या निवडीपासून व्हायवापर्यंत

मात्राच विष ठरवते, हे पॅरासेल्ससने सोळाव्या शतकात लिहून ठेवलं. टॉक्सिकॉलॉजीतला (विषशास्त्रातला) प्रत्येक विद्यार्थी ते वाक्य पहिल्याच वर्षी पाठ करतो, आणि पीएचडी अडते तीही बहुतेकदा मात्रेपाशीच.

फार्मसी, जीवरसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, पशुवैद्यक, रसायनशास्त्र यांपैकी कुठूनही या विषयात येता येतं. रसायनशास्त्रातून येणाऱ्यांचं शरीरक्रियाशास्त्र कच्चं असतं. जीवशास्त्रातून येणारे फार्माकोकायनेटिक्स (पदार्थ शरीरात कसा शोषला जातो, पसरतो आणि बाहेर पडतो याचं गणित) आणि संख्याशास्त्राला बिचकतात. प्रवेशाआधी चार-सहा महिने हातात असतील, तर आपली जी बाजू लंगडी आहे तिच्यावर घालवा.

गाईड आधी ठरवा, विषय नंतर. गाईडच्या पेपरांच्या संख्येवर जाऊ नका. त्यांच्याकडे सध्या काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एकटं गाठून तीन गोष्टी विचारा: मागच्या विद्यार्थ्यांना डिग्री मिळायला किती वर्षं लागली, पेशी आणि प्राण्यांचं काम लॅबमध्येच होतं की बाहेर, आणि रक्तातली किंवा माध्यमातली (पेशी वाढवायच्या द्रवातली) पदार्थाची पातळी प्रत्यक्ष मोजायची सोय आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर आपण दिलेला डोस खरोखर पेशीपर्यंत पोचला की प्लॅस्टिकलाच चिकटला, हे तुम्हाला कधी कळणार नाही.

विषय निवडताना एक पदार्थ, एक अवयव, एक यंत्रणा एवढंच धरा. ‘अमुक वनस्पतीच्या अर्काचे यकृतावरील परिणाम’ हा विषय सोपा वाटतो, पण अर्काची प्रत्येक खेप वेगळी निघते आणि दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाचे आकडे जुळत नाहीत. अर्कच घ्यायचा असेल, तर सगळ्या कामाला पुरेल इतका एकदाच काढा, त्यातले मुख्य घटक मोजा आणि छोट्या बाटल्यांत भरून गोठवा.

मॉडेलही, म्हणजे ज्या पेशींवर किंवा प्राण्यांवर प्रयोग करायचा तेही, प्रश्नाला साजेसं हवं. पॅरासिटामॉलचंच बघा. यकृताला घातक असतं ते त्यापासून तयार होणारं नापक्वी हे संयुग. ते सायटोक्रोम पी-४५० एन्झाइम बनवतात आणि पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक संयुग त्याला निष्प्रभ करतं. ग्लुटाथायोन संपलं की पेशी मरायला लागतात. यकृताच्या गाठीपासून वाढवलेल्या हेपजी-टू पेशींमध्ये ही एन्झाइम फारच कमी असतात. तिथे पॅरासिटामॉल ‘सुरक्षित’ दिसलं, तर तो मॉडेलचा दोष. अशा प्रश्नाला ही एन्झाइम बनवणाऱ्या हेपाआरजी पेशी किंवा ताज्या यकृतपेशी घ्याव्या लागतात.

आता मात्रेचं गणित. पदार्थाचा रेणुभार २५० असेल, तर २५ मिलीग्रॅम पदार्थ डीएमएसओ या द्रावकात विरघळवून १ मिलिलिटर केला की १०० मिलीमोलरचा साठा होतो. त्यातला १ मायक्रोलिटर १ मिलिलिटर माध्यमात घातला की १०० मायक्रोमोलर, आणि डीएमएसओ ०.१ टक्का. पुढच्या पातळ्या (३०, १०, ३, १, ०.३) डीएमएसओमध्येच पातळ करून घ्या, म्हणजे प्लेटच्या प्रत्येक खळग्यात डीएमएसओ सारखाच राहील. माध्यमात पातळ करत गेलात, तर डीएमएसओचाही डोस बदलतो आणि परिणाम कुणाचा ते कळत नाही. वरच्या पातळीला सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसले, तर ती पातळी सोडून द्या.

९६ खळग्यांच्या प्लेटमधले कडेचे ३६ खळगे लवकर सुकतात. त्यांत नुसतं बफर भरा, काम आतल्या ६० मध्ये करा. जिवंत पेशी रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीत एक खोड आहे: व्हिटॅमिन सी आणि वनस्पतींतली पॉलिफेनॉल्स पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात, त्यामुळे मेलेल्या पेशी जिवंत भासतात. म्हणून पेशींविना एक ओळ ठेवाच, आणि एलडीएच गळतीसारखी (फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारं एन्झाइम मोजणारी) दुसरी चाचणी जोडीला घ्या. पेशींत लपून राहणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूंची तपासणी दर महिन्याला व्हायला हवी. कंटाळवाणी आहे, पण चुकवली तर वर्षभराचे आकडे टाकून द्यावे लागू शकतात.

प्राण्यांवर काम असेल, तर एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्या सहा महिन्यांतच टाका. परवानगी येईपर्यंत पेशींचं काम उरका. अर्जात प्राण्यांची संख्या गणिताने सिद्ध करा आणि कुठल्या लक्षणावर प्राण्याचा प्रयोग थांबवून त्याला वेदनारहित मरण देणार ते लिहा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ४०७ क्रमांकाच्या २८ दिवसांच्या चाचणीत प्रत्येक गटात किमान ५ नर व ५ माद्या लागतात, ४०८ च्या ९० दिवसांच्या चाचणीत १० आणि १०. तीन डोस आणि एक कंट्रोल (पदार्थ न दिलेला गट), हा साधा आराखडा. २५ ग्रॅमच्या उंदराला किलोमागे १० मिलीग्रॅम द्यायचे आणि आकारमान किलोमागे १० मिलिलिटर ठेवायचं, तर द्रावण १ मिलीग्रॅम प्रति मिलिलिटरचं करून ०.२५ मिलिलिटर पाजायचं. दर आठवड्याला वजन करून हा आकडा बदला.

संख्याशास्त्रातली नेहमीची चूक म्हणजे एका प्लेटमधले सहा खळगे सहा नमुने म्हणून मोजणं. तो नमुना एकच. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात हलवून पुन्हा वाढवलेल्या) पेशींवर केलेला प्रयोग हा दुसरा नमुना. गरोदर माद्यांना डोस दिला असेल, तर एकक पिल्लू नसतं, वेत असतं. एका वेतातली दहा पिल्लं दहा धरली की खोटा फरकही खरा दिसायला लागतो.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास येणारा प्रश्न: ‘तुमची ही मात्रा माणसाच्या रक्तात कधी पोचते का?’ पॅरासिटामॉलची उपचारातली पातळी साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे ६६ ते १३२ मायक्रोमोलर. तुम्ही १० मिलीमोलर वापरलं असेल, तर ते किमान ७५ पट झालं. हा भागाकार प्रस्ताव लिहितानाच करा आणि थिसिसच्या पहिल्या तक्त्यात छापा.