इन्व्हर्टेड व्हीचा फीड पॉइंट एनईसी-2 मध्ये कसा मांडावा

अँटेनाचं मॉडेल कुणी पुढे ठेवलं की मी पॅटर्नकडे (कुठल्या दिशेला किती सिग्नल जातो त्याकडे) नंतर वळते, आधी सोर्स, म्हणजे अँटेनाला सिग्नल देण्याची जागा, कुठे बसवलाय ते पाहते. मॉडेल फसतं ते बहुतेक तिथेच.

एनईसी-2 हा अँटेनाचं गणित करणारा प्रोग्रॅम प्रत्येक वायरचे छोटे तुकडे, म्हणजे सेगमेंट, करतो. त्यात सोर्स एखाद्या बिंदूवर बसत नाही, अख्ख्या सेगमेंटवर पसरतो. सेगमेंट अर्धा मीटरचा असेल, तर प्रोग्रॅमच्या लेखी फीडची फटही अर्ध्या मीटरची! सरळ डायपोलला (मध्यावर फीड होणाऱ्या सरळ वायरच्या अँटेनाला) सेगमेंट विषम संख्येत द्या: 21 दिलेत तर सोर्स 11व्यावर. 20 दिलेत तर मधला सेगमेंटच उरत नाही.

इन्व्हर्टेड व्हीत, म्हणजे शेंड्यापासून दोन्हीकडे खाली उतरणाऱ्या डायपोलमध्ये, खरी कसोटी. दोन भुजा शेंड्यावर मिळतात आणि सांध्यावर सोर्स देता येत नाही. म्हणून शेंड्यावर छोटी आडवी वायर घाला, तिचे 3 सेगमेंट करा, सोर्स दुसऱ्यावर. इथवर बरेच जण येतात, पण तुकडा 3 सेंटिमीटरचा ठेवतात आणि भुजांचे सेगमेंट अर्ध्या मीटरचे. सोर्सच्या शेजारी लांबीची अशी उडी नकोच. सोर्सचा सेगमेंट आणि त्याचे शेजारी एकाच लांबीचे, एकाच जाडीचे हवेत.

14.1 मेगाहर्ट्झसाठी मी असं मांडते: मधला तुकडा 30 सेंटिमीटर, 3 सेगमेंट, भुजा प्रत्येकी 5 मीटर, 50 सेगमेंट, वायर सगळीकडे 2 मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक सेगमेंट 10 सेंटिमीटरचा. रेझोनन्ससाठी लांबी नंतर जुळवा.

आता पडताळणी, आणि ही कृपा करून टाळू नका. जमीन काढून टाका, वायरचा लॉस शून्य करा आणि अॅव्हरेज गेन टेस्ट (सगळ्या दिशांच्या गेनची सरासरी) चालवा. उत्तर 1 च्या अगदी जवळ हवं. 1.26 आलं तर दिसणारा गेन 1 डेसिबलने फुगलेला आहे. मग मधल्या तुकड्याला 5 आणि भुजांना 83 सेगमेंट देऊन पुन्हा चालवा. सोर्स आता तिसऱ्यावर. इम्पीडन्स (सोर्सला अँटेनाकडून होणारा विरोध) लक्षात येण्याइतका हलला, तर आधीच्या आकड्यावर विसंबू नका.

कोअॅक्सचा (फीडच्या केबलचा) आतला भाग वायरने काढायची गरज नाही. बॅलन (केबलच्या बाहेरच्या जाळीवरचा प्रवाह अडवणारा भाग) नसेल तर मात्र बाहेरच्या जाळीसाठी सोर्सच्या सेगमेंटच्या एका टोकापासून वेगळी वायर खाली आणा. ती जमिनीला टेकवू नका: खऱ्या जमिनीला थेट जोडलेल्या वायरचे एनईसी-2 चे आकडे भरवशाचे नसतात.