नाचणारी बाई रंगवायचीय? चेहरा सोडा, आधी टाच बघा

दोनेक वर्षं झाली, लिथुआनियातल्या एका आत्ताच्या पेंटरनं केलेलं नर्तिकेचं चित्र मोबाईलवर बघितलं आणि बराच वेळ त्यातनं बाहेरच येता येईना. चेहरा जवळजवळ सावलीत, दागिना एक नाही, पण अंगाचा सगळा भार कुठल्या पायावर पडलाय ते लांबनं कळत होतं. मग घरातलं माझं लावणीचं कॅनव्हास बघितलं तर नथ, गजरा, काठाची नक्षी सगळं जागच्या जागी आणि बाई मात्र जमिनीला टेकलेलीच नाही. तेव्हापासनं जसं काम करतोय ते सांगतो.

पहिलं म्हणजे कॅनव्हासला लगेच हात लावू नका. स्वस्तातला कागद, कोळसा, आणि ३० सेकंदात एक पोझ, मग १ मिनिट, मग २. बोटं-नाक-डोळे काही काढायचं नाही, डोक्यापासनं टाचेपर्यंत एकच रेघ कशी वळते तेवढं पकडायचं. नाचणारं माणूस रोज कुठं मिळणार म्हणाल, तर कोल्हापुरात राहून असं म्हणायचंच नाही. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत वस्तादांना विचारून कोपऱ्यात बसा, पैलवान डाव टाकताना भार एका पायावरनं दुसऱ्यावर कसा नेतो ते बघा, नाचातही तेच चालतं. गौरी-गणपतीत घरच्या बायकांची फुगडी काढा, दोघी मागं झुकलेल्या असतात आणि एकीनं हात सोडला तर दुसरी पडणार, हा ताण कागदावर आला की निम्मं काम झालं.

आता तोल. गळ्याखाली दोन हाडांच्या मधे खळगा असतो ना, तिथनं ओळंबा सोडल्यासारखी सरळ रेघ खाली आणा. एका पायावर उभी असेल तर ही रेघ त्या पायाच्या घोट्याजवळ पडते, दोन्ही पायांवर असेल तर मधे कुठंतरी. रेघ बाहेर पडली तर बाई पडतीय किंवा गिरकी घेतीय असं दिसतं, ते मुद्दाम करत असाल तर छानच, चुकून झालं तर तिथंच पुसा. ज्या पायावर भार त्या बाजूची कंबर वर जाते आणि बहुतेक वेळा त्याच बाजूचा खांदा खाली येतो, माझ्या जुन्या चित्रात नेमकं हेच नव्हतं, खांदा आणि कंबर दोन्ही सपाट.

फोटोवरनं करणार असाल तर फोन लई जवळ नेऊ नका, डोकं मोठं आणि पाय बारीक येतात. १०-१२ फूट मागं सरका, झूम करा, फोन कंबरेच्या उंचीवर धरा. आणि फोटो काढायच्या आधी तिला विचारा, बसवून काढणार असाल तर पैसे ठरवा, तिचा वेळ म्हणजे तिची रोजी आहे. टाळ्यांची पोझ घेऊ नका, त्याच्या अर्धा क्षण आधीची घ्या. फ्रान्सचा चित्रकार देगास (१८३४–१९१७) यानं नाचणाऱ्या मुली आयुष्यभर काढल्या, त्यात तालमीला थकलेल्या, बूट बांधणाऱ्या मुली किती तरी आहेत. आपल्याकडं पायात चाळ बांधत बसलेली बाई ही केवढी मोठी पोझ आहे, कुणी काढत का नाही?

ऑईलचे रंग थोडेच घ्या. स्वीडनचा चित्रकार झोर्न (१८६०–१९२०) याच्या नावानं ओळखलं जाणारं पॅलेट, म्हणजे मोजक्या रंगांचा संच बघा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा, पांढरा. ऊबदार त्वचेशेजारी काळा-पांढरा मिसळलेला राखाडी निळसर वाटतो, त्यामुळं सावल्या जिवंत राहतात. नऊवारीच्या हिरव्यासाठी एखादा रंग वाढवा, बास. पहिला थर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) टर्पेंटाईनमधे पातळ करून, उजेड फडक्यानं पुसून काढायचा. वरच्या थरात जवसाचं तेल वाढवत न्यायचं, उलटं केलंत तर पुढं तडे जातात. अंबर लवकर वाळतो, काळा लई उशिरा, म्हणून काळा खाली जाड लावू नका. आणि आपल्या जुलैत घाई करू नका, ऑईल पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, दमट गारठ्यात ते रेंगाळतं.

नऊवारीच्या चुण्या मोजत बसू नका, कापड जिथं ताणलंय तिथनं, म्हणजे गुडघा आणि कंबर, तिथनं त्या फुटतात, तेवढ्याच महत्त्वाच्या. चाळसुद्धा आधी एकच गडद गोळा म्हणून लावा आणि वर चार-पाच ठिकाणी चमक, घुंगरू एकेक काढलात की पाय दगडाचा होतो. जमिनीला टेकलेल्या टाचेची कड धारदार ठेवा, हलणाऱ्या हाताची कड ओली असतानाच कोरड्या ब्रशनं मागच्या रंगात ओढून घ्या. सगळ्या कडा सारख्याच कापल्या की नाच थांबतो.

चेहरा शेवटी, तोही दोन-तीन टोनमधे, म्हणजे फिक्या-गडद छटांमधे. मग चित्र आरशात बघा, तोल चुकला असेल तर लगेच डोळ्यात येईल. चुकला असेल तर चेहरा कितीही छान जमलेला असू दे, पाय खरवडून परत करा. व्हार्निश मात्र निदान ६ महिन्यांनी.