गाडी उंच झाली, पण चाल बिघडली: सस्पेंशन बदलताना या चुका टाळा

बेळगावातनं चोर्ल्याच्या रस्त्याला लागलं की जांबोटीपर्यंत सगळेच ड्रायव्हर, खरी परीक्षा त्याच्या पुढं. माझी मारुती जिप्सी मिलिटरीच्या लिलावातली, चारीही चाकांना पाटे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, आणि मला कुणीतरी सांगितलं की विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) आणि लोखंडी बंपर बसवणार असशील तर आधी पाटे वाढव. मी दोन-दोन पाटे वाढवले, वर मूळच्यापेक्षा दोन इंच लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या, टाकले, आणि बायकोला घेऊन निघालो. कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "परत मी बसनं जाते." विंच आजपर्यंत आलेली नाही, बंपर पण नाही.

म्हणजे पहिली चूक हीच बघा. पुढं कधीतरी येणाऱ्या वजनासाठी आज स्प्रिंग कडक करायची. स्प्रिंग ही गाडीवर रोज जेवढं वजन असतं तेवढ्यासाठीच निवडायची असते, त्यापेक्षा कडक घेतली तर ती दबतच नाही, चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी सगळी गाडीच उडते आणि चढावर एक चाक हवेत फिरत बसतंय. वजन अंदाजानं सांगू नका, काट्यावर न्या. आपल्याकडं ऊस-गुळामुळं वजनकाट्याला काय तोटा नाही. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, वजाबाकी केली की मागचं वजन मिळतंय. डिझेल, स्टेपनी, नेहमीचं सामान आणि नेहमीची माणसं धरून. हे दोन आकडे घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार पण जरा नीट बोलतो.

आणि काटा पण नंतर, त्याच्या आधी टायरची हवा बघा. मला लाज वाटते सांगायला, पण माझ्या टायरात ४० पीएसआय हवा होती आणि मी "सस्पेंशन लई कडक आहे" म्हणून रडत होतो, वर पाटे अजून वाढवले. कंपनीनं दरवाज्यावर किंवा पुस्तकात दिलेली हवा भरा, दोन दिवस चालवा, मग ठरवा खरंच काय दुखतंय. हंपवरनं उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत राहिली तर शॉकअप, म्हणजे स्प्रिंगचं डोलणं थांबवणारे तेलाचे दांडे, गेलेत, पाट्याचा काय दोष नाही. शॉकअपच्या अंगावर थोडा ओलसर थर असला तर घाबरू नका, तेल ओघळत असेल तर मात्र बदलायचाच, आणि बदलताना जोडी बदला, एकच नको.

आता उंचीचं खूळ. लिफ्ट किटनं, म्हणजे गाडी उंच करायच्या सामानानं, बॉडी आणि चासी वर जाते, पण एक्सलच्या, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, मधला तो डिफरेन्शियलचा (डिफचा) गिअरचा गोळा आहे तिथंच राहतो, दगडाला तोच लागतो. तो फक्त मोठ्या टायरनं वर जातो, आणि ते पण टायरचा व्यास जितका वाढला त्याच्या निम्म्यानं. मारुती जिम्नीचं उदाहरण घ्या, तिला येतात १९५/८० आर१५, त्या जागी २३५/७५ आर१५ टाकले तर व्यास साधारण ४० मिमी वाढतो, म्हणजे एक्सल वर जातो फक्त २० मिमी. लिफ्टचा उपयोग आहेच, मोठं टायर घासू नये म्हणून, चढाउताराचा कोन सुधारावा म्हणून. पण "माझी चार इंच उंच आहे" म्हणणाऱ्याचा डिफ तुमच्याच डिफच्या लेव्हलला असू शकतो. शॅकलचं पण असंच, दोन इंच लांब शॅकलनं गाडी एकच इंच उचलते, आणि माझ्या जिप्सीत पुढच्या एक्सलचा कोन फिरून कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या अक्षावर वळतात त्याचा मागं झुकलेला कोन, कमी झाला ते वेगळंच. कॅस्टर कमी झाला की हायवेला निपाणीकडं जाताना गाडी सरळ चालत नाही, स्टीअरिंग वळवलं की आपणहून परत येत नाही, सारखं दुरुस्त करत बसावं लागतंय. लोक तेव्हा टायरवाल्याला शिव्या देतात.

जुन्या महिंद्रा थारवाल्यांना वेगळं सांगतो, म्हणजे २०१० ते २०२० मधली, जिला पुढं टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी, आहे. तिथं बोल्ट आवळला की नाक वर येतंय, खर्च शून्य, म्हणून सगळे करतात. पण बार त्यानं जास्त ताकदवान होत नाही, चाक फक्त आधीच खाली लटकल्यासारखं बसतंय. मग खड्ड्यात चाकाला अजून खाली जायला जागाच उरत नाही, चाक धरणारी आर्म वरनं ठोकर खाते, चाक फिरवणाऱ्या ॲक्सल शाफ्टचा कोन वाढून रबरी बूट फाटतात, आणि आपल्या खानापूर भागातला लाल चिखल एकदा त्या बुटात शिरला की जॉइंट गेलाच समजा. थोडं उचला, एकदम टोकाला नेऊ नका.

कॉइलवाल्या, म्हणजे गोल वळ्यांच्या स्प्रिंगच्या, गाडीत, जिम्नी असो की २०२० नंतरची थार, एक्सल बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा रॉड असतो, पॅनहार्ड म्हणतात. गाडी वर गेली की हाच रॉड एक्सलला एका बाजूला ओढतो. मागनं बघितलं तर एक चाक जास्त बाहेर दिसतंय. त्यासाठी ॲडजस्ट होणारा रॉड मिळतो, तो किटच्या बजेटमध्ये आधीच धरा.

शॉकअप घेताना नुसता "दोन इंच लिफ्टचा" मागू नका. चाक पूर्ण वर दाबलेलं असताना आणि पूर्ण लटकलेलं असताना दोन्ही लांबी टेपनं मोजा. दाबताना आधी बम्प स्टॉप, म्हणजे चाकाची वरची हालचाल अडवणारा रबरी ठोकळा, टेकायला पाहिजे, शॉकअप नंतर. उलटं झालं तर शॉकअपची दांडी वाकते किंवा माउंटच उपटून येतो. त्याच वेळी, चाक लटकलेलं असतानाच, ब्रेकचा होज (रबरी नळी) बघा, ताणला असेल तर लांब होज लावल्याशिवाय गाडी घरी नेऊ नका, ह्यात कंजुषी नको.

फिटिंगची चूक मात्र बहुतेक गॅरेजमध्ये होते आणि कुणी बोलत नाही. गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, आणि मिस्त्री सगळे बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबरी नळकांड्यांचे, बोल्ट फुल टाईट करून मोकळा. रबराचा बुश त्याच अवस्थेत पकडला जातो, गाडी खाली उतरली की तो पिळलेला राहतो, मग गाडी एका बाजूला झुकते, कडक वाटते, आणि बुश लवकर फाटतो. बोल्ट हातानं बसवा, गाडी चाकांवर उभी करा, जरा हलवा, मगच आवळा. माझी जिप्सी डावीकडं झुकायची, मी नवा पाटा घ्यायला निघालो होतो, उद्यमबागेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं नुसते बोल्ट ढिले करून परत आवळून दिले, काम झालं. झुकतेय की नाही हे सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासनं मडगार्डच्या कडेपर्यंत चारी बाजूला मोजून बघा, डोळ्यांवर भरवसा नको.

पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट जुने परत वापरू नका, ते एकदा ताणलेले असतात. नवे एक्स आकारात थोडे थोडे आवळा आणि शंभरएक किलोमीटरनंतर परत आवळा. हे परत आवळणं शंभरातले नव्वद जण विसरतात, मग पाट्यांना मधोमध धरणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल मागं सरकतो.

लिफ्टनंतर ठराविक स्पीडला खालनं घरघर आली तर गिअरबॉक्सकडनं एक्सलला ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडलाय, पाट्याच्या गाडीत पाचर घालून तो सुधारतो. स्टीअरिंग जोरात थरथरायला लागलं तर लोक स्टीअरिंगचा डॅम्पर (थरथर दाबणारा छोटा शॉकअप) नवीन टाकतात, तो दोष फक्त झाकतो, आधी किंगपिन बेअरिंग (पुढचं चाक वळतं तिथलं), रॉडचे बुश आणि टायर बॅलन्सिंग बघा. काही गाड्यांत मागच्या एक्सलला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह जोडलेला असतो, वजन बघून मागचं ब्रेक कमीजास्त करतो. मागून गाडी उचलली की त्याला वाटतंय गाडी रिकामी आहे, आणि तो मागचं ब्रेक कमी करतो. तो सेट करून घ्या. हेडलाईटचं तोंड पण खाली करा, नाहीतर समोरच्याचे डोळे जातात.

आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ विसरू नका, कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी केलेली चालत नाही. बेळगावची केए-२२ असो की कोल्हापूरची एमएच-०९, घाटातल्या नाक्यावर कुणी थांबवलं किंवा इन्शुरन्सवाल्यानं बोट ठेवलं तर हौस महाग पडते.

माझ्या गाडीचं म्हणाल तर मूळ पाटे, साधे शॅकल, नवे शॉकअप आणि २६ हवा, एवढ्यावर आलो. बायको परत बसते. काढलेले जादा पाटे लोहाराकडं दिले, त्याचे दोन कोयते झाले, पाट्याचं लोखंड म्हणून धार एकदम भारी.