जंगलजेटीने कोकण फिरताय? या चुका टाळा

मांडव्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने उतरायचं तर वाटेत चार मोठ्या खाड्या आडव्या येतात आणि चारही ठिकाणी गाडी जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, चढवता येते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. मधेमधे जंजिरा, सुवर्णदुर्ग, असे जलदुर्ग. नकाशावर हे सगळं एका रेषेत ओवल्यासारखं दिसतं, आणि बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. ही सहल किलोमीटरवर ठरत नाही. ती ठरते भरती-ओहोटीवर आणि शेवटच्या फेरीवर.

चुकीच्या धक्क्यावर जाणं

मुंबईहून निघतानाच घोळ होतो. गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याला सुटतात त्या लाँच, फक्त माणसांसाठी. गाडी नेणारी रो-रो सुटते माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून. ही सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली आणि मांडव्याला साधारण तासाभरात पोचवते. तिचं बुकिंग आधी करावं लागतं, गाडीच्या प्रकाराप्रमाणे दर वेगळा असतो. फक्त जायचं तिकीट काढून 'यायचं बघू' म्हणणारे रविवारी संध्याकाळी मांडव्याला अडकतात, कारण सगळ्यात आधी भरते ती तीच फेरी. परतीचं तिकीट आधी काढा, जायचं नंतर. पाऊण तास आधी पोचा. भाऊच्या धक्क्याबाहेर मासळीचे टेम्पो किती उभे असतील, ते नकाशावर कळत नाही.

गाडी नसेल तर गेटवेच उत्तम. तिथल्या काही लाँचच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. तिकीट घेताना विचारा, नाहीतर मांडव्याला उतरून पुन्हा रिक्षाचे पैसे घालाल. पावसाळ्यात, म्हणजे मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, गेटवेच्या या लाँच बंद असतात. रो-रो हवामान साथ देईल तशी चालते.

दुसरा घोळ राजपुरी आणि आगरदांड्याचा. राजपुरीहून जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या सुटतात आणि दिघीला जाणाऱ्या लहान लाँचही, ज्यांत फार तर दुचाकी चढते. मोटार न्यायची तर आगरदांडा. दोन्ही मुरूडजवळच, एकाच खाडीवर, त्यामुळे चूक कळते ती धक्क्यावर पोचल्यावर. असाच गोंधळ वेळासचा. कासवांचं वेळास मंडणगड तालुक्यात, वेश्वी उतरल्यावर येतं. दिवेआगरजवळ श्रीवर्धन तालुक्यात वेळास-आगर आहे, ते वेगळं. मोबाइलवर नुसतं 'वेळास' टाकलं तर एक अख्खी खाडी चुकू शकते. आणि हो, मॅपच्या सेटिंगमध्ये 'फेरी टाळा' सुरू राहिलं असेल तर तो तुम्हाला निमूटपणे महामार्गाकडे वळवतो. निघण्याआधी ते बघून घ्या.

एका दिवसात चार जेटी

खाडी ओलांडायला दहा ते वीस मिनिटं लागतात, म्हणून चारही जेटी एका दिवसात होतील असं वाटतं. पण बोटीची वाट बघणं, रांग, चढणं-उतरणं धरून एका जेटीला पाऊण ते एक तास धरावा. किनाऱ्याचे रस्ते अरुंद, घाटाघाटाचे. ताशी पंचवीस-तीसच्या वर सरासरी पडत नाही. दिवसाला दोन जेटी पुष्कळ झाल्या. अलिबागहून निघून मुरूड, आगरदांडा-दिघी करून दिवेआगर किंवा श्रीवर्धनला मुक्काम. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर, बागमांडला-वेश्वी, केळशी, हर्णै. तिसऱ्या दिवशी दाभोळ-धोपावे, गुहागर, हेदवी, तवसाळ-जयगड आणि गणपतीपुळे. ही चाल सुखाची आहे. नाताळ ते 31 डिसेंबर, शिमगा आणि मे महिन्यातल्या जोडसुट्ट्यांत एका धक्क्यावर दोन-तीन तास सहज जातात, तेव्हा यातलीही एक जेटी कमी करा.

शेवटच्या फेरीची वेळ प्रत्येक जेटीची वेगळी आणि हंगामानुसार बदलणारी. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोतल्या वेळापत्रकावर विसंबू नका. मुक्कामाच्या घरमालकाला सकाळी विचारा, तो थेट जेटीवर फोन लावतो. फेरी चुकलीच तर काय, हेही आधी ठाऊक हवं. तवसाळला चुकली तर राई-भातगाव पूल आहे, वळसा सुसह्य. बागमांडल्याला चुकली तर आंबेत पुलाकडून जाता येतं, पण पूल गाड्यांना सुरू आहे ना ते आधी विचारा. दाभोळला चुकली तर मात्र दापोली, खेड, चिपळूण करत गुहागर. सव्वाशे किलोमीटरच्या घरात, आणि रात्री. तेव्हा दाभोळातच राहायला जागा शोधणं शहाणपणाचं.

तिथी न बघणं

कोळीवाड्यातला जुना आडाखा आजही चालतो. तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. त्यात सहा तास आणि थोडी मिनिटं मिळवली की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक बघावंच. पण तारखा ठरवताना दिनदर्शिकेवर बोट ठेवून हे गणित मिनिटात होतं.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जातात. इथे लोक फसतात ते अष्टमीच्या आसपास. ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, सहलीला सोयीची. पण अष्टमी म्हणजे भांग. भांगाला पाणी चढतं कमी आणि उतरतंही कमी, त्यामुळे ओहोटी असूनही वाटेत गुडघाभर पाणी राहतं. खरी कोरडी वाट मिळते उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या द्वितीया-तृतीयेला, तेव्हा ओहोटी सकाळी साडेसात-साडेआठला येते. मग ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात परत या. उधाणाचं पाणी परततं तेव्हा वेगाने परततं. किल्ल्यातल्या गणपतीसमोर वेळ विसरणाऱ्यांना मग होडीची वाट बघावी लागते.

हेच उधाण जेटीवर उलटं वागतं. मोठ्या ओहोटीला खाडीचं पाणी इतकं खाली जातं की बोट धक्क्याच्या उताराच्या पार टोकाला लागते, तिथे गाळ आणि शेवाळ. उरणजवळच्या मोरा बंदरात तर गाळामुळे मोठ्या ओहोटीला भाऊच्या धक्क्याच्या लाँच काही तास थांबवाव्या लागतात. मुंबई-रायगडकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. दक्षिणेकडे मालवण-गोव्याच्या बाजूला तो बराच कमी. म्हणून उत्तरेकडच्या जेटींना शक्यतो अर्ध्या भरतीच्या पुढे जा.

गाडी चढवताना

बंपर घासतो तो एकाच जागी. धक्क्याचा सिमेंटचा उतार संपतो आणि बोटीचा लोखंडी फळका सुरू होतो, तिथे खोलगट कोन होतो. खालच्या बांध्याच्या सेडान त्यात नाक खुपसतात. उपाय साधा आहे. ड्रायव्हर सोडून सगळ्यांना उतरवा, डिकीतलं जड सामानही उतरवलं तर उत्तम. गाडी दोन बोटं उचलली जाते. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा धरून, जागा असेल तर किंचित तिरकं चढवा म्हणजे एकेक चाक कोनातून जातं. भीतीने मध्येच ब्रेक दाबू नका. ओल्या फळक्यावर थांबलेली गाडी पुन्हा उचलताना चाकं जागच्या जागी फिरतात आणि ती मागे सरकते. बोटीवरचा खलाशी हात दाखवेल तसं जा, स्वतःचा अंदाज बाजूला ठेवा. कधी गाडी उलटी चढवायला सांगतात. रिव्हर्सचा सराव नसेल तर तसं आधीच सांगा, त्यात कमीपणा नाही.

चढल्यावर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आरसे मिटा. गाड्या इतक्या खेटून लावतात की दार उघडेलच असं नाही, तेव्हा पाण्याची बाटली आणि पैसे आधीच हातात घ्या. रोख पैसे, सुटे. खाडीच्या तोंडाशी नेटवर्क जातं आणि मागे रांग लागलेली असताना मोबाइलवरचं चक्र गरगरत राहतं.

आणि गाडी पुळणीवर उतरवू नका. ओली वाळू टणक दिसते, चार पावलांवर चाक रुततं, आणि भरती काही तुमच्यासाठी थांबत नाही. घरी परतल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या.

जलदुर्गांचा अंदाज

डिसेंबरपासून पुढे दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो आणि समुद्र खवळतो. किल्ल्यांच्या होड्या सकाळी गाठा. जंजिऱ्याला नावाडी साधारण पाऊण तास ते तासभर थांबतो. तेवढ्यात अख्खा किल्ला होत नाही, म्हणून कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव आधी उरका. सुवर्णदुर्गाला हर्णैहून होडी मिळते पण उतरायला धक्का नाही. गुडघाभर पाण्यात उडी. जीन्स नको, हाफ पँट आणि मागे पट्टा असलेली सँडल. वयस्कर माणसांना हा किल्ला हर्णैच्या किनाऱ्यावरूनच दाखवा. पद्मदुर्गासाठी मुरूडहून रोजची ठरलेली होडी नाही, ऐनवेळी मिळेल या भरवशावर दिवस घालवू नका. पुढे मालवणपर्यंत जाणार असाल तर सिंधुदुर्गाची होडी-वाहतूक 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असते, आणि जंजिराही पावसाळ्यात बंदच. मुंबईकडे घारापुरी जोडत असाल तर सोमवार सोडून. त्या दिवशी लेणी बंद.

लाइफ जॅकेट मागून घ्या आणि बांधा, मांडीवर ठेवू नका. डिसेंबर 2024 मध्ये घारापुरीच्या मार्गावर झालेल्या अपघातानंतर त्याबाबत तरी कुणी हसत नाही. बोट लागणाऱ्यांनी खालच्या मजल्यावर, मधोमध, क्षितिज दिसेल असं बसावं. ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून एक-दोन तास आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. तिने झोप येते, म्हणून पुढे गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

गाडीशिवाय

इथे अडतं ते पाण्यावर नाही, काठावर. दिघीहून श्रीवर्धनची एसटी मिळते, दाभोळहून दापोलीची मिळते. पण वेश्वी आणि तवसाळ या दोन ठिकाणी बोटीला जोडून एसटी असेलच असं नाही, वडापच्या जीपही दुपारी विरळ. या दोन जेटी सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत ओलांडा, किंवा काठावरच्या गावातली रिक्षा आदल्या रात्री फोनवर ठरवून ठेवा. दोघंच असाल तर दुचाकी सगळ्यांत बरी. ती जंगलजेटीवर रांग न लावता कडेला सरकते आणि राजपुरीच्या लाँचवरही चढते.