डॉक्टर की पोलीस? साथरोग आणि सुरक्षा या विषयात शिरताना

एम.ए.च्या प्रबंधासाठी 'साथरोग आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा' हा विषय घेतला, तेव्हा नेरूळच्या घरी आईने विचारलं, "म्हणजे तू डॉक्टर होणार की पोलीस?"

माझा पहिला आराखडा अँथ्रॅक्स आणि जैविक अस्त्रांनीच भरलेला होता. मार्गदर्शक मॅडमनी तो परत केला नि आधी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे ठराव वाचायला सांगितले. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. मोजक्या पानांचं काम आहे. २००० सालच्या ठराव १३०८ मध्ये एड्सला आवर घातला नाही तर सुरक्षेला धोका 'संभवतो' अशी जपून केलेली भाषा आहे. २०१४ च्या ठराव २१७७ मध्ये इबोलाची साथ हा शांततेला आणि सुरक्षेला धोका 'आहे', असं सरळ म्हटलंय. चौदा वर्षांत क्रियापद कसं बदललं, याचा शोध घेण्यातच माझं एक सत्र गेलं.

मग २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम वाचा. गंभीर घटना असल्याचं ठरलं, की देशाने २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं. तरी देश का लपवतात? १९९४ ची सुरतची प्लेगची साथ पाहा. परदेशांनी विमानं थांबवली, निर्यातीला फटका बसला. खरं बोलणाऱ्याचं नुकसान होत असेल तर कोण बोलेल?

कागदाबाहेरचं मला शिकवलं ते सोसायटीतल्या एका काकांनी. ते न्हावा शेवा बंदरात शिपिंग एजंटकडे होते. जहाजावरचा पिवळा झेंडा म्हणजे रोगराई, असं मी समजत होतो. काका हसले. "अरे, उलटं! जहाज निरोगी आहे, प्रॅटिक द्या, असा त्याचा अर्थ." प्रॅटिक म्हणजे बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी. अशी माणसं गाठा, त्यांना चहा पाजा.

नोकरीचं म्हणाल तर या नावाची जागा क्वचितच निघते. साथरोगशास्त्राची तोंडओळख आणि आकडेवारी हाताळण्याची सवय असेल, तरच दारं उघडतात. माझं संख्याशास्त्र कच्चं होतं. विद्यापीठाच्या कलिना संकुलातून परतताना हार्बर लोकलच्या गर्दीत ते पक्कं करावं लागलं.

आणि १८९७ चं पुणं विसरू नका. प्लेग आवरायला सरकारने घराघरांत गोरे सोजीर घुसवले, लोक पेटले, प्लेग कमिशनर रँडचा खून झाला. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्येही वापरात होता. हे वाचलं आणि आईचा प्रश्न मी प्रस्तावनेत घेतला.