सोलो आला की पाय शोधायला नको

लॅपटॉपवरच्या बॅकिंग ट्रॅकवर गिटार वाजवताना सोलोच्या ऐन वेळी पेडल दाबायचं राहतं, नाहीतर भलतंच दाबलं जातं. हे काम ट्रॅकवरच सोपवा. माझ्याकडे लाइन ६ हेलिक्स (पायाने चालवायचा गिटार इफेक्ट प्रोसेसर) आहे, म्हणून आकडे त्याचेच देतो.

१. हेलिक्स यूएसबीने लॅपटॉपला जोडा. ग्लोबल सेटिंग्जमध्ये 'मिडी ओव्हर यूएसबी' चालू आहे ना, ते बघा (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांनी एकमेकांना आज्ञा पाठवायची भाषा).

२. एकाच प्रीसेटमध्ये (साठवलेल्या इफेक्ट-जुळणीत) स्नॅपशॉट, म्हणजे त्याच जुळणीच्या वेगवेगळ्या सेटिंग्ज, बनवा: क्लीन, ऱ्हिदम, सोलो.

३. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये एक रिकामा मिडी ट्रॅक घ्या, आउटपुट हेलिक्स, चॅनल १.

४. जिथे आवाज बदलायचा तिथे सीसी ६९ टाका (सीसी म्हणजे कंट्रोल चेंज, क्रमांक आणि व्हॅल्यू असलेली मिडी आज्ञा). व्हॅल्यू ० म्हणजे पहिला स्नॅपशॉट, १ म्हणजे दुसरा, २ म्हणजे तिसरा. मोजणी शून्यापासून असते. पहिल्या दिवशी माझा अर्धा तास इथेच गेला. सोलोचा सीसी बिंदू सोलोच्या पहिल्या स्वराच्या अगदी किंचित आधी ठेवा.

एक्स्प्रेशन पेडलचं कामही असंच होतं: सीसी १ म्हणजे पेडल १, व्हॅल्यू ० ते १२७. डिलेचा (प्रतिध्वनीचा) मिक्स हळूहळू वाढवायला ट्रॅकवर आखलेली सीसीची रेघ झकास. वाह (पेडलने सूर 'वा-वा' करणारा इफेक्ट) मात्र मी पायानेच वाजवतो, आखलेली वाह यांत्रिक वाटते.

सांभाळायचं एवढंच: गाण्याच्या मध्येच प्रोग्राम चेंज (प्रीसेट बदलणारी मिडी आज्ञा) पाठवून प्रीसेट बदलू नका, आवाज क्षणभर तुटतो. प्रीसेट बदलायचा तो दोन गाण्यांच्या मध्ये.