डाय आधी कानामागे, मग डोक्याला

माझ्या कपाळाच्या उजव्या कडेला, केस सुरू होतात तिथं, साबुदाण्याएवढे पांढरे ठिपके आहेत. कानामागे मोठा डाग होता, तो आता निम्मा भरलाय.

सांगलीत विश्रामबागला घरातच माझं पार्लर आहे. बायकांच्या डोक्याला डाय लावता लावता मी स्वतःलाही दर तीन आठवड्यांनी लावायचे. लावला की कानाभोवती खाज सुटायची. उन्हाळा आहे, घाम आहे, कोंडा असेल, असं म्हणत चार वर्षं खाजवत राहिले. मग एकदा डाय लावल्याच्या दुसऱ्या सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. ठिपके त्यानंतर काही महिन्यांनी दिसले. तुम्ही पहिल्याच खाजेला थांबा.

काळ्या डायमध्ये बहुतेक वेळा पॅरा-फेनिलीनडायअमाइन असतं, खोक्यावर बारीक अक्षरात पीपीडी. अंगाला एकदा त्याची अ‍ॅलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते. त्याच जातीची रसायनं दुसऱ्या डायमध्येही असतात, त्यामुळे नुसती कंपनी बदलून भागत नाही. 'अमोनिया नाही' म्हणजे पीपीडी नाही, असंही नव्हे. आणि खरी मेंदी केशरी-तांबडीच चढते. अर्ध्या तासात केस काळेभोर करणारी 'काळी मेंदी' दिसली की खोकं उलटं करून वाचा.

डाय सोसतो का, हे डोक्याला लावण्याआधी बघायची टेस्ट अशी करा. पाकिटातल्या कागदावर सांगितलंय तसा चमचाभर डाय कालवा. कापसाच्या काडीनं कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावा, वाळू द्या. ४८ तास तिथं पाणी लावू नका. ही अ‍ॅलर्जी उशिरा उठते, म्हणून मी गिऱ्हाइकाला तिसऱ्या दिवसापर्यंत थांबवते. मध्येच खाज, लाली, पुरळ आलं तर लगेच धुवा आणि तो डाय सोडा. मागे लावला होता तेव्हा काही झालं नव्हतं, हे कारण चालत नाही. अ‍ॅलर्जी दहाव्या वेळीही सुरू होते. ज्यांना आधीच त्रास झालाय त्यांनी घरी टेस्ट करूच नये, त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्यावी. लग्न परवावर आलेलं असलं तरी मी टेस्टशिवाय हात लावत नाही. दोन-चार बायका रागावून गेल्याही.

डोकं चुरचुरायला लागलं तर वेळ पूर्ण व्हायची वाट बघू नका. भरपूर गार पाण्यानं धुवा, नखं लावू नका, ओल्या कपड्याच्या घड्या ठेवा. आपल्याकडे हळद घरोघरी, पण सोललेल्या कातडीवर हळद-लिंबू नको. खोक्याचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. तोंड, डोळे सुजले किंवा दम लागला तर थेट दवाखाना गाठा.

आणि पांढरा डाग. डाय लागला तिथं रंग बनवणाऱ्या पेशी मेल्या की तो पडतो. टिकलीच्या डिंकातल्या रसायनानंही असंच होतं. माझ्या सासूबाईंच्या कपाळावर टिकलीएवढा पांढरा गोल होता आणि आम्ही तो टिकलीखालीच झाकत होतो! माझे ठिपके बघून एकीनं 'कोड फुटलंय' म्हणत खुर्ची लांब सरकवली होती. हा डाग शिवून लागत नाही, कोडही लागत नाही. डाय पूर्ण बंद करून लवकर डॉक्टरांकडे जा. मलम आणि प्रकाशाच्या उपचारांनी पुष्कळांचा रंग परततो, पण महिने जातात. डायच चालू ठेवला तर डाग वाढतात, कधी डाय न लागलेल्या जागीही उठतात.

आता मी साधी मेंदी दोन-तीन तास ठेवून धुते. मग निळीच्या पानांची पूड, कपड्यांची नीळ नव्हे, पाण्यात कालवून लगेच तासभर लावते. दोन्ही पाकिटांवर पानांशिवाय दुसरं नाव नको, आणि कानामागचा ठिपका इथंही चुकवत नाही. पहिल्या दिवशी केस जरा हिरवट दिसतात, दुसऱ्या दिवसापर्यंत काळसर होतात.